राजाच्या भेटीला दाजी

दाजींनी टोपी घातली की भोकरदनमध्ये माणसं विचारायची, "कोण गेलं?"

एरवी दाजी बोडक्या डोक्याने फिरत. टोपी असायची ती स्कूटरच्या डिकीत, घडी करून, आणि तिच्यासोबत एक टॉवेल आणि धुतलेल्या कपड्यांचा एक जोड. मयतीची खबर आली की दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं, टोपी डोक्यावर चढायची आणि स्कूटर निघायची. मग ते गाव राजूरच्या बाजूला असो की पार कुंभार पिंपळगावला. गेलेला माणूस ओळखीचा असलाच पाहिजे अशी अट नव्हती. ओळखीच्याच्या ओळखीचा असला तरी दाजींना चालत असे.

रंगनाथदाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्काचे मालक. भोकरदनला त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान. माझंही तसलंच दुकान, पण जालन्याला. मी परभणीला शेतीचं कॉलेज शिकून आलेलो असल्यामुळे मला बियाण्यातलं कळतं असा माझा समज होता. दाजी चौथी शिकलेले. माझ्या दुप्पट माल ते विकत, आणि तो का खपतो ते मला बरीच वर्षं उमगत नव्हतं. गिऱ्हाईक कपाशीचं बी मागायला आलं की दाजी पाकीट काढायच्या आधी विचारत, "तुमच्या चुलत्याच्या दहाव्याला कावळा शिवला का लवकर? मी निघालो तवर शिवला नव्हता." गिऱ्हाईक खाली बसून दहाव्याची सगळी हकिगत सांगे. तो मग दुसऱ्या दुकानात कशाला जातो?

एका उन्हाळ्यात डॉक्टरांनी त्यांना डोकं झाकून फिरायला सांगितलं. दाजींच्या जवळ झाकायला होती ती एकच टोपी. ती घालून ते बाजारात भाजी घ्यायला गेले. त्या वेळी पेठेतले एक म्हातारे व्यापारी बरेच दिवस अंथरुणाला खिळलेले होते. दुपारपर्यंत त्यांच्या दारात पंधरा-वीस माणसं जमली. दोघं तर बांबू घेऊन आले होते. शेवटी खुद्द म्हाताऱ्यांनीच दार उघडलं आणि एकंदर तयारी पाहून जी शिव्यांची लाखोली वाहिली, तिने त्यांची तब्येत सुधारली असं दाजींचं म्हणणं. त्या दिवसापासून उन्हाला दाजी छत्री वापरायला लागले.

लग्नांना मात्र दाजी जात नसत. गेलेच तर अक्षता टाकून, आहेर हातात देऊन बाहेर. मी एकदा चिडवलं, "दाजी, जेवणाच्या पंगतीत तुम्ही कधी दिसत नाही." त्यावर म्हणाले, "पाव्हणं, लग्नात आपण नसलो तर कोणाचं काय अडतंय? मयतीत नसलो तर खांदा कमी पडतो. चार माणसं तरी पाह्यजेत." हे 'चार माणसं तरी पाह्यजेत' दिवसातून दहादा यायचं. आणि सगळं उरकून, आंघोळ करून घरी आले की ओसरीवर बसून निकाल द्यायचे, "बराबर झालं." मंडळी कमी असली तर जेवायचे नाहीत.

आता अक्काबद्दल सांगितलं पाहिजे. अक्काची तक्रार साधी होती. "सगळा तालुका हिंडून राह्यलेत, पण मला कुठं नेलं न्हाई." हे ती हसत म्हणायची. दुसरी एक गोष्ट मात्र ती हसत म्हणत नसे.

एक्क्याऐंशीच्या पावसाळ्यात त्यांची मुलगी गेली. कुसुम तिचं नाव. बारसं होऊन चार महिनेही झाले नव्हते. त्यानंतर त्यांना मूल झालं नाही. तेव्हा दोघं गावाबाहेर शेतातल्या वस्तीवर राहत. मी परभणीला होतो, मला पत्रानेच कळलं. तान्ह्या लेकराला आपल्याकडे जाळत नाहीत, पुरतात. दहावा नाही, तेरावा नाही. बाया तर तिकडे जातच नाहीत. दाजींनी अक्काला एवढंच सांगितलं, "वाटेत माणसं आल्ती. रीतीनं झालं." अक्काने विचारलं, "कुठं ठेवलं लेकराला?" दाजी म्हणाले, "बायांनी विचारायचं नसतं." ती दरवर्षी विचारत राहिली आणि दाजी दरवर्षी उठून बाहेर जात राहिले. ज्या माणसाला तालुक्यातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाची चिता कोणत्या कडेला रचली होती हे तोंडपाठ, तो पोटच्या पोरीचं नावही घेत नव्हता. आम्हा सगळ्यांना हे माहीत होतं. आम्हीही विषय काढत नव्हतो. अक्काला फक्त जागा हवी होती, आणि ती तिला मिळत नव्हती याचं मला फार वाईट वाटायचं.

दोन हजार सालानंतर बियाण्यांच्या कंपन्यांना दुकानदारांचा भलताच पुळका आला. जास्त माल खपवला की परदेशाची सहल, नवरा-बायको दोघांना. त्या वर्षी दोन ठिकाणं होती. बँकॉक आणि चीन. आमच्या धंद्यातल्या बहुतेक मंडळींनी डोळे झाकून बँकॉक लिहून दिलं. दाजींनी चीनच्या माहितीपुस्तिकेतलं एक चित्र बोट लावून मला दाखवलं. मातीच्या सैनिकांच्या रांगाच रांगा.

"हे काय हाय?"

"राजाची समाधी आहे दाजी. चीनचा पहिला बादशहा. बावीसशे वर्षं झाली."

दाजींनी चित्र बराच वेळ न्याहाळलं. मग म्हणाले, "एवढा मोठा माणूस गेला आणि आपलं भेटायला जाणं राह्यलं."

मी म्हणालो, "थोडा उशीर झालाय."

"उशीर झाला म्हणून काय झालं? न जाण्यापेक्षा गेलेलं बरं."

अक्काला कळलं तेव्हा ती कणीक मळत होती. तिने परात बाजूला सारली. "लग्नाला इतकी वर्षं झाली, पह्यल्यांदा कुठं नेऊन राह्यले, तर मसनवाट्यात!"

पण गेलो. माझाही कोटा कसाबसा भरला होता; बायको दुकान सांभाळायला मागे राहिली. पोळा झाला, बैलांचे रंग उतरले नव्हते तोवर आम्ही विमानात होतो. अक्काने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लसणाचा ठेचा एवढा घेतला होता की सामानाच्या तपासणीत तिथल्या शिपायाने ठेच्याचा डबा उघडून वास घेतला आणि पुढचे सगळे डबे न उघडता सोडले.

शिआन गावात आम्हाला सगळं फिरून दाखवायला आलेली मुलगी चिनी, तिचं नाव लिली. ती इंग्रजीत सांगायची आणि मी मराठीत. पहिल्या दिवशी मातीची फौज पाहायला गेलो. एवढं मोठं छप्पर मी धान्याच्या मोंढ्यातसुद्धा पाहिलेलं नाही. खाली खड्ड्यात माणूसभर उंचीचे सैनिक, एकामागे एक, आणि प्रत्येकाचा चेहरा वेगळा. दाजींनी पिशवीतून टोपी काढून डोक्यावर ठेवली, कठड्याशी उभं राहून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि समाधानाने म्हणाले, "माणसं चांगली जमली."

आम्हाला हसू आवरेना. लिलीने विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. तिलाही हसू आलं. ती म्हणाली, हा राजा लहानपणीच गादीवर बसला आणि तेव्हापासूनच त्याने स्वतःच्या समाधीचं काम सुरू केलं.

दाजींना ते पटलं नाही. "लहानपणापासून? म्हंजे आपल्या मागं कोणी येईल असा भरवसाच नव्हता की त्याला." मग पुन्हा खाली पाहत राहिले. "फौज हाय, घोडे हायेत. पण रडणारं एकबी केलं न्हाई, पाव्हणं. एक बाई तरी करायची."

जेवायची सोय त्याच आवारातल्या हॉटेलात होती. सगळे टेबलांवर बसले. दाजी दाराबाहेर उभे.

"या की दाजी."

"आंघोळ?"

मयतीहून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. दाजींनी आयुष्यात हा नियम मोडला नव्हता. मी समजावलं की बावीसशे वर्षांनी विटाळ उरत नसतो. दाजी म्हणाले, "तू राजाला आत पाह्यलास का? आतच हाय अजून. बाहेर काढला न्हाई, मंग मयत संपली कशी?" खरंच, राजाची मुख्य समाधी अजून कोणी उघडलेली नाही. अक्काने कपाळावर हात मारला. बाकीचे दुकानदार भातावर तुटून पडले होते. लिली धावत आली. आजारी आहेत का? मला आता इंग्रजीतून आंघोळ समजावून सांगायची होती. मी घाम पुसत सांगितली. ती म्हणाली, माझी आजी मयतीहून आली की दाराबाहेर थोडा जाळ करते आणि तो ओलांडूनच घरात येते. मग ती आत गेली आणि गरम पाण्याच्या दोन किटल्या घेऊन आली. चीनमध्ये कुठेही काही मागा, आधी गरम पाणी मिळतं. हॉटेलच्या मागे, कोबीच्या ढिगाशेजारी दाजींनी हातपाय धुतले, डोक्यावरून पाणी घेतलं, कपडे बदलले आणि टॉवेलने डोकं पुसत आत येऊन बसले. लिलीकडे बोट करून अक्काला म्हणाले, "ही पोरगी बिलकुल आपल्यातली हाय."

दुपारी राजाच्या खऱ्या समाधीवर गेलो. पाहण्यासारखं काही नाही, नुसती एक मोठी टेकडी. चढायला पायऱ्या, दोन्ही बाजूला डाळिंबाची झाडं. अक्काला दम लागला म्हणून आम्ही मध्येच बसलो. लिली सांगत होती आणि मी भाषांतर करत होतो. असं म्हणतात की राजाला आत ठेवल्यावर, आतल्या वाटा आणि खोल्या ज्या कारागिरांना ठाऊक होत्या त्यांना आतच कोंडलं. वरून माती टाकली, झाडं लावली, साधी टेकडी वाटावी म्हणून. ज्यांना माहीत होतं ते सांगायला बाहेर आलेच नाहीत.

अक्का ऐकत होती. पदराने वारा घ्यायचा तिने थांबवला आणि समोर पाहतच म्हणाली, "आमच्यातबी हाय एकजण तसा. त्याला ठाऊक हाय, पण आतच कोंडून बसलाय."

भाषांतर करायचं माझ्या जिवावर आलं. लिलीने विचारलंही नाही. दाजी उठले, चार पायऱ्या खाली उतरले आणि पाठ करून उभे राहिले. त्या संध्याकाळी त्यांनी 'बराबर झालं' म्हटलं नाही. हॉटेलात ठेच्याचा डबा समोर असून अर्धी दशमी खाल्ली. मला वाटलं, अक्काची पहिली आणि बहुधा शेवटची सहल वाया गेली.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या राजाची समाधी होती. हा पहिल्याच्या नंतरच्या घराण्यातला, साठ-सत्तर वर्षांनी झालेला. इथलं संग्रहालय जमिनीखाली आहे. चपलांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवायच्या आणि काचेच्या जमिनीवरून चालायचं. अंधुक उजेड आणि पायाखाली खोल खड्डे. पहिल्याच काचेपाशी अक्का थांबली. "मी न्हाई येत. फुटली म्हंजे?"

तेव्हा मी एक गोष्ट पाहिली, जी आमच्या घरात कोणी पाहिलेली नव्हती. दाजींनी अक्काचा हात धरला. चारचौघांत, धंद्यातल्या सगळ्या मंडळींसमोर. आणि तिला काचेवरून पावलापावलाने नेऊ लागले. मी मागून चालत होतो, भाषांतर बंद करून.

या राजाने फौज नेली होती, पण माणूस बेताचा. सैनिक गुडघ्याएवढे. त्यांचे कपडे आणि लाकडी हात मातीत कुजून गेलेले. "ह्यांचे हात कुठं गेले वं?" अक्का हळूच म्हणाली. त्यापुढच्या खड्ड्यात मात्र सैनिक नव्हते. तिथे गाई होत्या. शेळ्या, मेंढ्या, कुत्री, कोंबड्या, सगळं मातीचं, वीतभर, हातभर. रांगेत उभं केलेलं, एकाच्या पाठीला दुसऱ्याचं तोंड. एका कोपऱ्यात डुकरिणी आणि पिल्लं. बैल नसलेल्या घरी पोळ्याला पाटावर मांडतात ना मातीचे, तसंच सगळं वाटत होतं.

दाजी काचेवर उकिडवे बसले. मागची मंडळी खोळंबली. दाजींना त्याचं भान नव्हतं.

"बघ," ते अक्काला म्हणाले, "एवढी एवढी पिल्लं. कोणीतरी खाली उतरून, हातानं एकेक मांडलं असल. घाई केली न्हाई त्यानं."

अक्का वाकून पिल्लांकडे पाहू लागली.

"मी घाई केली," दाजी म्हणाले. "पाऊस होता. केळणेला पूर आल्ता. गाव पलीकडं, आपण अलीकडं. हाका मारल्या. कोणाला ऐकू जाती? माणूस आलं न्हाई एकबी. मसनवाट्यातबी जाता येईना. मंग फावडं घेतलं आणि एकटाच गेल्तो. आपल्याच वावरात. बांधावरच्या बोरीखाली हाय कुसुम."

ते नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. माझे डोळे भरून आले आणि मी उगाच खालच्या शेळ्या मोजल्यासारखं केलं.

"तुला सांगितलं होतं वाटेत माणसं आल्ती म्हणून," दाजी पुढे म्हणाले. "वावरातली जागा सांगितली असती तर कळलं असतं तुला. लेकराच्या मयतीला बाप सोडून कोणी न्हाई. कोणत्या तोंडानं सांगू?"

अक्का तिथेच काचेवर खाली बसली. मघाशी फुटेल म्हणून भीत होती त्याच काचेवर. "कोणी आलं न्हाई ते मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "पाणी उतरल्यावर पह्यल्याच बाजाराला बायांनी सांगितलं. मी कधी माणसं विचारली का तुम्हाला? मी जागा विचारली."

दाजी तिच्याकडे बघतच राहिले. त्या पुराच्या दिवसापासून प्रत्येक मयतीला जाऊन खांद्यांचा हिशेब पुरा करणारा तो माणूस. आणि जिच्यापासून लपवायचं तिला पहिल्या आठवड्यापासून सगळं माहीत होतं.

"त्या बोरीपायी मी किती भांडले तुमच्याशी," अक्का म्हणाली. "तोडा म्हणलं, सावलीनं कपाशी येत न्हाई म्हणलं."

"म्हणून तर तोडली न्हाई."

"दर खुरपणीला तिथंच बसून भाकर खाल्ली की मी." ती म्हणाली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला, आणि रडता रडता ती हसायला लागली. "अहो, म्हंजे पोरगी एकटी नव्हती. मी होते की तिच्यापाशी."

लिली लांब उभी राहून सगळं पाहत होती. तिला एक अक्षर कळलं नसणार. तिने मागच्या मंडळींना हात करून दुसऱ्या वाटेने नेलं आणि त्या दोघांना तिथे बसू दिलं. त्या मुलीचे उपकार मी कधी फेडले नाहीत.

भोकरदनला परत आल्यावर दोन दिवस लोक चीनची हकिगत ऐकायला येत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दोघांना माझ्या जीपमधून मळ्यात सोडलं. कपाशी फुटायला आली होती. बोर जुनी, वाकडी, आणि तिच्या बुंध्याभोवतीची जमीन कधीच नांगरलेली नव्हती. मी शेताच्या कडेला, धुऱ्यावर थांबलो. अक्का सरळ चालत गेली, पदर खोचला आणि ऐसपैस बसली. माहेराला आलेली बाई बसते तशी. आता ती रडेल म्हणून मी तयारीत होतो.

ती रडली नाही. तिने जमिनीवर हात ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.

"कुसे, आम्ही चीनला गेल्तो. तुझा मामा होता संगं. तिथं टेकडीखाली एक म्हातारी डाळिंबं विकत होती. मला तिचं कळंना, तिला माझं कळंना, तरी भाव केला आम्ही. शेवटी तिनं एक डाळिंब फोडून माझ्या हातावर दाणे ठेवले. लाल भडक, एकदम गोड—"

"लाल कुठं होते?" दाजी मागून म्हणाले. ते अजून उभेच होते. "पांढुरके होते. अन् गोडबी एवढे न्हाई. लेकराला खोटं सांगू नको."

"मंग तुम्ही सांगा."

दाजींनी इकडेतिकडे पाहिलं. वावरात कोणी नव्हतं. मग ते खाली बसले, अक्काच्या बाजूला मांडी घातली, घसा साफ केला.

"हे बघ कुसुम," दाजी म्हणाले, "पह्यले विमानापासून सांगतो."